तारांचं सासर-माहेर

वायरलासुद्धा सासर आणि माहेर असतं, हा शोध साऱ्या जगात एकाच माणसाने लावला आणि ते होते आमच्या ह्यांचे मामा, म्हणजे माझे मामेसासरे. त्यांच्या या शोधाचं जे काही टिपण होतं ते एका रविवारी सकाळी मी शिवणाच्या कात्रीने कराकरा कापलं, सुपलीत भरलं आणि कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत नेऊन ओतलं. घरी येऊन साबणाने हात धुतले आणि केवढं मोठं काम उरकलं म्हणून स्वतःलाच कपभर चहा करून दिला. तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. आज सत्तरीला टेकल्यावर त्या बाईकडे बघते तेव्हा एकच प्रश्न पडतो, हिच्या हातात कात्री दिली कोणी?

आम्ही तेव्हा कांदिवलीला चारकोपमध्ये नवीनच राहायला आलो होतो. सेक्टरमधली बसकी घरं, मधे सगळ्यांचं मिळून एक अंगण, अंगणाच्या या बाजूला आम्ही आणि समोर मामा-मामी. मामा मूळचे मालवणकडचे, पण उभं आयुष्य परळच्या गिरणीत साळखात्यात मागावर काढलेलं. संपात गिरणी गेली आणि मामांचे हात रिकामे झाले. मुलगी लग्न होऊन विक्रोळीला गेलेली होती. मुलगा मस्कतला नोकरीला लागला आणि दर खेपेला कोणा ना कोणाबरोबर एकेक यंत्र पाठवू लागला. आधी रंगीत टीव्ही आला, मग व्हीसीआर, मग टेपडेक, मग लाकडी खोक्यांतले दोन स्पीकर, आणि शेवटी काळाकुट्ट, जडशीळ, पुढच्या अंगाला हिरवे दिवे आणि बटणंच बटणं असलेला रिसीव्हर. रिसीव्हर म्हणजे फोनचा, कानाला लावायचा, एवढंच मला ठाऊक. हा कोणाच्या कानाला लावायचा हे विचारायची हिंमत व्हायला मला दोन महिने लागले. मामा म्हणाले, "ह्यो घरचो कर्तो पुरुस. टीव्ही, व्हीसीआर, डेक, सगळ्यांनी आपापला गाऱ्हाणा हेच्या कानात सांगायचा. मगे ह्यो एकटोच काय ता मोठ्यानं बोलतलो." त्यानंतर मुलांनी, जावयांनी, नातवांनी मला हेच प्रकरण कितीदा समजावलं, पण मामांइतकं सोपं करून कोणाला सांगता आलं नाही.

सासर-माहेराचं म्हणाल तर ते असं. मामांच्या मते प्रत्येक तार ही लग्न झालेली मुलगी. एका यंत्राच्या 'आउट'मधून ती निघते, ते तिचं माहेर. दुसऱ्याच्या 'इन'मध्ये जाते, ते सासर. "माहेराकडसून निघाली आणि दुसऱ्याच्या माहेराक जावन बसली तर काय होतला?" मामा विचारायचे आणि आपणच उत्तर द्यायचे, "खरखर! दुसरा काय होतला?" पलीकडच्या सेक्टरमध्ये एका बँकवाल्यांच्या घरी मामांच्यासारखाच नवा व्हीसीआर आला होता आणि त्यावर दोन दिवस नुसत्या मुंग्या दिसत होत्या. मामांना बोलावलं. मामांनी टीव्हीमागे एकदा डोकावून पाहिलं, घरी जाऊन आपल्या यंत्रामागे बघून आले आणि त्या गृहस्थांना त्यांच्याच बायकोसमोर खडसावलं, "तुमका पोरी आसत ना घरात? मगे अशी कशी पाठवणी केलात तिची?" ते बिचारे घाबरून म्हणाले, "अहो, मोठीचं अजून कॉलेज चालू आहे." मामांनी तोवर तार काढून बरोबर जागी खोचली होती. चित्र आलं, पण त्या घरात त्यानंतर आठवडाभर मोठीच्या लग्नाचा विषय चालू होता म्हणे.

यंत्रांना मामा घरची माणसंच मानत. दुपारी एक ते तीन सगळ्यांनी झोपायचं, म्हणजे मामांनी, मामींनी आणि रिसीव्हरनेही. त्याच्या अंगावर गिरणीतून आणलेल्या जुन्या मांजरपाटाची घडी घालायची. गावाकडे मामांचे एक लांबचे चुलते वारले तेव्हा सुतक आलं. मामांनी व्हीसीआर बंद, डेक बंद. मी विचारलं, "मामा, मग हा उजवा स्पीकर कसा चालू?" मामा म्हणाले, "चुलतो लांबचो गो. एक बंद ठेवलो काय पुरे." तीन दिवस डावा स्पीकर सुतकात होता आणि उजव्यावर रेडिओची भजनं चालली होती.

आणि हा डावा स्पीकर होता कुठे, तर स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी! मामींना काम करताना गाणी ऐकता यावीत म्हणून मामांनी भिंतीला भोक पाडून तार आत नेली होती. प्रेम म्हणतात ते हेच. फक्त त्या प्रेमाला स्टिरिओचं गणित ठाऊक नव्हतं. जुनं एखादं गाणं लागलं की बाहेर बसलेल्यांना सतार आणि व्हायोलिनं ऐकू यायची, आणि गाणारी बाई आत मामींसमोर फोडणी देत उभी राहिल्यासारखी गायची. कधी कधी उलटं व्हायचं. मग मामी झारा हातात घेऊन बाहेर यायच्या, "अहो, माका नुसतो तबलोच ऐकू येता. गाणारी बाई खंय गेली?" मामा शांतपणे म्हणायचे, "ती हय बसलीसा. चाय कर तिका."

मामा मागच्या बाजूला तारांत हात घालायचे तेव्हा मांडीवर यंत्राबरोबर आलेलं जाडजूड माहितीपुस्तक उघडं असायचं. त्याला त्यांनी प्लॅस्टिकचं कव्हर घातलं होतं. ठरावीक वेळाने पान उलटायचे, मान डोलवायचे, "हां, बरोबर" म्हणायचे. त्या पुस्तकात इंग्रजी होतं, जपानी होतं आणि मागच्या भागात अरबी होतं. एकदा मी चहा द्यायला वाकले तेव्हा पाहिलं, मामांनी अरबी भाग उघडला होता. आता कोणीही शहाणी बाई यावरून काय समजली असती? मी काय समजले, तर मामांना अरबीही येतं! मुलगा मस्कतला आहे, शिकले असतील. ही बातमी मी त्याच संध्याकाळी नळावर चार जणींना सांगितली आणि चारांच्या चाळीस व्हायला चारकोपला कधी वेळ लागला नाही.

तर अशी सगळी परिस्थिती असताना मस्कतहून कॅसेट आली. मामांच्या मुलाला तिकडेच मुलगा झाला होता. त्याचा पहिला वाढदिवस कोणी तरी व्हिडिओवर घेतला होता. मामा-मामींनी तोवर नातवाचे दोन फोटो पाहिले होते, एकात तो झोपलेला आणि दुसऱ्यात रडून डोळे मिटलेले. नातू डोळे उघडे ठेवून कसा दिसतो, हसतो कसा, त्याचा आवाज कसा, काही म्हणजे काही माहीत नाही. कॅसेट आणणारा मुलाचा मित्र शनिवारी संध्याकाळी देऊन गेला आणि जाताना सांगून गेला, "काका, उद्या पाच वाजता न्यायला येतो. माझी देवगडची गाडी आहे. वहिनींच्या आईबाबांना पण दाखवायचीय ना." म्हणजे नातू मामांच्या घरी फक्त रविवारी पाच वाजेपर्यंत. तिथून तो आपल्या आजोळी जाणार.

नातू एकट्याने बघायचा नाही म्हणून मामांनी साऱ्या गोतावळ्याला रविवारी तीन वाजताचं आवतण धाडलं. मामींनी वड्यांचं पीठ भिजवलं. रविवारी सकाळी मामा केस कापायला आणि दाढी करायला बाहेर पडले. "अहो मामा, तुम्ही त्याला बघणार, तो काय तुम्हाला बघणार आहे?" मी हसून म्हटलं. मामा दारात थबकले, विचार केला आणि म्हणाले, "तरी पण. पयली भेट आसा." आणि गेले.

मामी आतून ओरडल्या, "सूनबाय, भायरची खोली वायच आवर गो, माणसां येतली." झालं. मी पदर खोचला. माझ्या आईने मला एकच शिकवलं होतं, आवरायचं म्हणजे मागचं आवरायचं, पुढचं कोणीही आवरतं. टीव्हीमागे गेले तर काय! तारांचं जंगल, आणि प्रत्येक तारेला गिरणीतल्या सुताचे तुकडे बांधलेले. हिरवे, पिवळे, निळे, कुठे एक गाठ, कुठे दोन. यंत्रांच्या पाठीला भोकांशेजारीही भाताच्या शिताने चिकटवलेले तसलेच तुकडे. मला वाटलं, मामींनी दृष्ट लागू नये म्हणून बांधले असतील आणि आता धूळ खाऊन काळे पडलेत. पाहुण्यांसमोर शोभतं का हे? गाठी सुटेनात. साळखात्यातली गाठ ती, एका हाताने दोन बोटांत मारलेली, मुगाच्या डाळीएवढी. मग आणली कात्री. सगळ्या तारा उपसल्या, दोरे कापले, ओल्या फडक्याने यंत्रांच्या पाठी पुसून शितं खरवडून काढली. तारा साबणाच्या पाण्याने पुसल्या, एकेकीचं चकलीसारखं वेटोळं केलं आणि सगळ्या चकल्या स्टीलच्या मोठ्या ताटात मांडून ते ताट टीव्हीपुढे ठेवलं. वरून त्यावर जाळीचा रुमाल. माश्या बसू नयेत म्हणून! खरं सांगते, मी रुमाल घातला होता.

मामा आले. गुळगुळीत दाढी, गालाला तुरटी, डोक्याला तेल. त्यांनी रुमाल उचलला. ताटाकडे पाहिलं. मग वाकून टीव्हीच्या मागे पाहिलं आणि तसेच वाकलेले राहिले.

"दोरे खंय?" त्यांनी विचारलं.

"ते होय? टाकले ना मी. केवढी धूळ होती मामा!"

मामा रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खाटेवर बसले आणि तळहाताने गुडघा चोळू लागले. मी म्हटलं, "मामा, परत लावा ना. तुम्हाला तर पाठ आहे सगळं." मामा गुडघाच चोळत राहिले. कुंडीकडे धावत गेले मी, पण तोवर गाडी येऊन कचरा घेऊन गेली होती. आणि दोरे मिळून तरी काय होणार होतं? कुठला कुठे होता हे कोणाला सांगता येणार होतं?

अडीचपासून माणसं यायला लागली. घाटकोपरहून आत्या, माहुलहून मामांचे गिरणीतले दोस्त, आमच्या घरचे सगळे, आणि विक्रोळीहून मामांची मुलगी आणि जावई. जावई एका कारखान्यात सुपरवायझर होते आणि घरातसुद्धा सुपरवायझरच असत. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. मामा पुस्तक मांडीवर घेऊन टीव्हीमागे बसले होते. पान उलटत होते, पण मान डोलत नव्हती.

"काय मामा, अजून जोडलं नाही?" जावई म्हणाले.

"जोडतंय. वायच बघून जोडतंय."

"बघायचं काय त्यात? एकदम सिंपल आहे. मागे प्रत्येक भोकाखाली छापलंय की. वाचायचं आणि खुपसायचं."

आणि माझ्या नळावरच्या मैत्रिणींपैकी एक, दारातून कौतुकाने म्हणाली, "अहो, ते इंग्रजी कशाला बघतील? मामा अरबीतनं वाचतात!"

"काय?" जावई हसले. "मामा, अरबी? वाचा बरं एक ओळ!"

सगळे हसले. मामाही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. मला तेव्हाही काही कळलं नाही हो! मला वाटलं, उकडतंय म्हणून.

जावई पुढे सरसावले. ताटातून एकेक चकली उचलत, इंग्रजी मोठमोठ्याने वाचत त्यांनी धडाधड तारा खुपसल्या आणि खटका दाबला. रिसीव्हरमधून आधी एक घरघर निघाली, मग ती वाढत वाढत अशी काही गरजली की आत स्वयंपाकघरात मिठाची बरणी थरथरली आणि मामींच्या हातून वडा तेलात पडून तेल उडालं. "अहो, बंद करा! काय रेडो शिरलो काय घरात?" जावयांनी खटका बंद केला आणि निकाल दिला, "मशीन गेलंय. आवरताना कुठे तरी आपटलं असणार. आता कॅसेट बिसेट काही दिसत नाही."

साडेतीन झाले होते. मामींनी दारातून मामांकडे पाहिलं. पदराला हात पुसत राहिल्या.

मामा उठले. म्हणाले, "सगळ्यांनी अंगणात बसा. चाय घेवा. माका अर्धो तास द्या." आणि मग माझ्याकडे न बघता, "सूनबाय, तू ऱ्हव. बॅटरी धरूक कोण तरी व्हया."

माणसं बाहेर गेली. मामांनी दार लोटलं, जावयांनी खुपसलेल्या तारा उपसून परत ताटात टाकल्या. आम्ही दोघं टीव्हीमागे, भिंत आणि यंत्रं यांच्या मधल्या हातभर जागेत, मी बॅटरी घेऊन गुडघ्यांवर. मामा अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुझी इंग्रजी कितवीची?"

"जुन्या अकरावीची. का?"

"मगे वाच."

"मी? पण मामा, तुम्ही..."

"माका बाराखडी येता," मामा म्हणाले. "पेपर वाचतंय. पण ह्या," त्यांनी त्या काळ्या पाठीवर छापलेल्या पांढऱ्या अक्षरांवरून बोट फिरवलं, "ह्या येणा नाय. पयल्यांदा पोराच्या दोस्तान जोडून दिल्यान. तो एकेक लावी तसो मी दोरो बांधी. हिरवो चित्राचो, पिवळो आवाजाचो, निळो डेकचो. एक गाठ माहेर, दोन गाठी सासर."

बत्तीस वर्षांची ती बाई तेव्हा बॅटरी हातात घेऊन गप्प बसली. आयुष्यात पहिल्यांदाच बसली असेल. मी कचरा काढला नव्हता. मी एका माणसाचं सगळं वाचन कापून टाकलं होतं, आणि वर त्याच्या अरबीचा डांगोरा पिटला होता!

"मामा, मी..."

"ता मागसून. आता वाच."

आणि मग आमची जी काही शाळा भरली ती देवाने ऐकली असेल तर तो अजून हसत असेल. मला वाचता येत होतं पण अर्थ कळत नव्हता. मामांना अर्थ कळत होता पण वाचता येत नव्हतं. मी म्हणायची, "इथे लिहिलंय व्हिडिओ आउट." मामा म्हणायचे, "चित्राचा माहेर. फुडे?" "लाइन इन." "कोणाची लाइन?" "ते नाही लिहिलं." "मगे सोड." "हे बघा, ए-यू-एक्स." "म्हणजे काय?" "औक्स." "औक्स म्हणजे?" "मामा, अकरावीला नव्हतं ते." कधी मी बॅटरी भलत्या भोकावर धरायची, कधी मामांचा हात माझ्या कानावर आपटायचा. एकदा मी वाचलेलं भोक आणि मामांनी तार घातलेलं भोक ही दोन निराळी यंत्रं निघाली. ताटातल्या चकल्या सगळ्या सारख्याच काळ्या. कुठल्या तारेचं दुसरं टोक कुठलं, हे बघायला मी एक टोक ओढायची आणि मामा ओरडायचे, "अगो माझी नको ओढू, माझी लागलीसा!" शेवटी मी नुसती अक्षरं मोजायला लागले. आउटची तीन, इनची दोन. "तीन अक्षरी, मामा!" "माहेर. दोन अक्षरी खंय?" "खाली, उजवीकडे." "घातलंय. सुखी ऱ्हव बाय," असं ते त्या तारेला म्हणाले, मला नव्हे.

सव्वाचार वाजता मामांनी दार उघडलं. माणसं दाटीवाटीने आत आली. मामांनी कॅसेट सरकवली, खटका दाबला, आणि पडद्यावर, अगदी स्वच्छ, एक गुटगुटीत बाळ दिसलं. झगमग टोपी, तोंडाला केक. "इलो! इलो!" मामी ओरडल्या. बाळाने तोंड उघडलं, आणि भारदस्त पुरुषी आवाजात म्हणालं, "सोंड्या भुंग्याची अळी नारळाचं खोड आतून पोखरते."

कोणी हललं नाही. बाळाने टाळ्या वाजवल्या आणि म्हणालं, "बागायतदार बंधूंनी वेळीच उपाययोजना करावी."

"अगो बाय माझे!" मामींनी छातीवर हात ठेवला. "पोराचो आवाज असो कसो?"

"रेडिओ लागलाय हो," जावई मागून म्हणाले. "मी सांगितलं ना, मशीन गेलंय. मामा, बटण वाचा ना पुढचं. डोळ्यांसमोर आहे!"

सगळ्यांच्या माना मामांकडे वळल्या. त्या मोठ्या गोल बटणाभोवती चार शब्द छापलेले होते आणि मामा त्यांच्याकडे बघत उभे होते. मी मधे घुसले. "मामांचा चष्मा मीच कुठे तरी आवरून ठेवलाय," मी म्हटलं. "आज सकाळपासून मी नुसती वाट लावलीय या घराची. थांबा, मी वाचते. ट्यूनर. फोनो. टेप. आणि ते आपलं... औक्स."

मामांनी आयुष्यात चष्मा लावला नव्हता. मामींना ते ठाऊक होतं.

मामांनी बटणावर बोटं ठेवली. "ट्यूनर म्हणजे ह्यो रेडिओ, भुंगो बोलता तो. फोनो म्हणजे तबकडी, ती आमच्याकडे नाय. टेप म्हणजे टेप. ऱ्हवला काय? जा कोणाचाच नाय ता आमचा!" आणि बटण फिरवलं.

भुंगा गप्प झाला. पडद्यावर बाळ हसत होतं, पण खोलीत आवाज नाही. सगळे कान टवकारून बसले. आणि मग स्वयंपाकघरातून, रिकाम्या स्वयंपाकघरातून, मिठाच्या बरणीजवळून, लहान मुलाच्या हसण्याचा आवाज आला. खळखळून. अगदी आत कोणी खेळत असल्यासारखा.

मामी धावल्या त्या आत. आम्ही बाहेर चित्र बघतोय आणि मामी आत आवाजाशी बोलतायत, "काय रे माझ्या सोन्या? काय रे?" आणि बाळ आतून "बा बा बा" करतंय. बाहेरच्यांना काही कळेना, कोणी पडद्याकडे बघतंय, कोणी दाराकडे. "मामा, बाहेरचा स्पीकर नाही वाजत!" जावई म्हणाले. मी टीव्हीपुढच्या ताटाकडे पाहिलं. जाळीच्या रुमालाखाली एक चकली शिल्लक होती, व्हीसीआरचा आवाज बाहेरच्या स्पीकरला देणारी; रेडिओला ती लागत नव्हती. मी ती उचलणार तोच मामांनी माझा हात धरला.

"ऱ्हवांदे," ते म्हणाले. "पोर पयला आज्येक भेटाक गेला. गेला तर जांवदे."

आणि जावयांकडे वळून मोठ्याने म्हणाले, "मुद्दाम तसाच जोडलंय जावयबापू. बायको दोन वर्सां हीच तक्रार करता, माका गाणारी बाई गावणा नाय."

पाच वाजता तो मित्र आला आणि कॅसेट घेऊन देवगडला गेला. मामींनी त्याच्याबरोबर डबाभर वडे दिले, सुनेच्या माहेरी. पाहुणे पांगले. जावई जाताना म्हणाले, "मामा, मानलं बुवा. अरबी का असेना, येतं तुम्हाला." मामांनी मान डोलावली, पुस्तक वाचताना डोलवायचे तशीच.

हे सगळं मी आज पहिल्यांदा कोणाला सांगते आहे. मामा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मामीही गेल्या. वड्यांचं पीठ अजून त्यांच्याच मापाने भिजवते मी. तो नातू आता स्वतः बाप झालाय. परवा त्याच्या घरी गेले होते. भिंतीएवढा टीव्ही, आवाज चारी कोपऱ्यांतून येतो, आणि तार म्हणाल तर एकही दिसत नाही. मी उठून टीव्हीच्या मागे डोकावले. जुनी खोड. तो म्हणाला, "काकू, काय शोधतेस?" मी म्हटलं, "काही नाही रे, या पोरींचं माहेर कुठे ते बघत होते." त्याला वाटलं काकूचं वय झालं. झालंच आहे.

त्या संध्याकाळी मात्र अजून उजेड होता. मी माझ्या शिवणाच्या डब्यातली रिळं घेऊन मामांकडे गेले, हिरवं, पिवळं, निळं. खाली मान घालून म्हटलं, "मामा, तुम्ही सांगा, मी बांधते." आम्ही पुन्हा त्या हातभर जागेत बसलो. मामांनी मला ती साळखात्यातली गाठ शिकवली, एका हाताने, दोन बोटांत. पहिल्या पाच सुटल्या, सहावी बसली. मी बांधत गेले आणि मामा विचारत गेले, हा कोणाचा, ही गाठ कुठली, आणि मी सांगत गेले, चित्राचा, माहेरची, आवाजाचा, सासरची. सगळं झाल्यावर त्यांनी बॅटरी विझवली, एकेका दोऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "कापलंस ता बरा केलंस गो सूनबाय. दोन वर्सां ह्या वाचणारो मी एकटोच. आता आपण दोघां."